पाखरं लवकर गेली? कशावरून?

फेब्रुवारी तापला रे तापला की व्हॉट्सॲपवर ठरलेला मेसेज येतो: पाहुणे पक्षी यंदा लवकर परतले, हवामानबदलाचा फटका! सोबत पट्टकदंबांचा फोटो. आपण पुण्या-मुंबईत एसीत बसून हळहळतो, फॉरवर्ड करतो, संपलं.

माझा यावर आक्षेप आहे. हवामानबदल खोटा आहे म्हणून नव्हे. २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासून सर्वाधिक होतं, ते कोण नाकारतंय? प्रश्न एवढाच, की 'लवकर' म्हणजे कशापेक्षा लवकर? माझं गाव दिग्रस, शेजारी अरुणावती धरण. तिथली बदकं दहा वर्षांपूर्वी कुठल्या तारखेला गेली, हे गावात कुणालाही विचारा. "होळीच्या आसपास" याच्यापुढे उत्तर नाही. सर्व्हर पडला की आपण आधी लॉग मागतो ना? मग इथे नुसत्या हळहळीवर कसं काय भागतं बुवा?

मुळात निघायचा इशारा पाखराला मिळतो तो दिवसाच्या वाढत्या लांबीतून, आणि त्यात ऊन-थंडीने फरक पडत नाही. हवामान मागेपुढे करतं ते त्याच्या आत. अंगात चरबी साठली, आभाळ मोकळं, वारा पाठीशी, की निघायचं. उलटा वारा किंवा पाऊस असला की थांबायचं.

आणि तिबेट-मंगोलियात बर्फ वितळलं का, हे विदर्भातल्या तळ्यावर बसून कळणार कसं? नेदरलँड्समधल्या पाइड फ्लायकॅचर या चिमुकल्या पक्ष्याचं हेच झालं. तिकडे वसंत अलीकडे सरकला, पण आफ्रिकेतून हा येतो जुन्याच वेळापत्रकाने. पिल्लांना अळ्या हव्यात तेव्हा अळ्यांचा हंगाम ओसरलेला! २००१ मध्ये हे मांडता आलं, कारण हाताशी वीस वर्षांच्या तारखा होत्या. म्हणजे बघा, खरा धोका पाखरं लवकर जाण्यात नाही, ठरल्या वेळी जाण्यातही असू शकतो. आणि आपला मेसेज नेमकं उलटं सांगत फिरतोय.

आपल्याकडे २००७ मध्ये मायग्रंटवॉच सुरू झालं, तेही मुख्यतः पहिल्या आगमनाच्या नोंदींसाठी. निरोपाची तारीख कठीणच असते, कारण शेवटचा पक्षी शेवटचा होता हे नंतर कळतं. म्हणून 'आज एकही दिसला नाही' हेसुद्धा लिहावं लागतं. ई-बर्डवर दहा मिनिटांचं काम आहे.

तेव्हा मंडळी, होळीला गावी जाल तेव्हा तळ्यावर चक्कर मारा. तारीख, वेळ, आकडा लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा. फॉरवर्ड नंतर करा :-)