बावन्न हजारांचं काय करायचं?

परवा ग्रुपवर वर्गणीचा आकडा टाकला तेव्हापासून फोन थांबत नाहीये. म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितो. पोस्ट लांब आहे, पण पैसा तुमचा आहे, तेव्हा वाचा.

विषय माहीत आहेच. आपल्या तालुक्यातला सोळा वर्षांचा पोरगा. नागपूरकडच्या एका मैदानावर कॅडी म्हणून लोकांच्या बॅगा उचलता उचलता गोल्फ शिकला. मीच बातमी लावली होती, 'चांगल्या ड्रायव्हरअभावी गुणवत्ता अडली'. (दुसऱ्या दिवशी दोघांनी विचारलं, गाडी कोणाची? तर ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सगळ्यात लांब स्टिक, पहिला मोठा फटका मारायची.) त्या बातमीवरून वर्गणी सुरू झाली, बावन्न हजार जमले, आणि आता ठरतंय की यंदाचा नवाकोरा ड्रायव्हर घ्यायचा.

ती बातमी अर्धवट होती. चूक माझी.

गेल्या महिन्यात मी स्वतः मैदानावर गेलो. पोराकडचा ड्रायव्हर एका सदस्याने दिलेला. सदस्य सहा फुटी, दणकट. त्यांच्या ताकदीला साजेसा, नऊ अंशांचा आणि कडक दांड्याचा. आपला पोरगा किडकिडीत. त्याचा चेंडू खालून सरपटल्यासारखा जायचा आणि उजवीकडे वळून झाडांत. आम्ही सगळे म्हणायचो, मॉडेल जुनं आहे ना! त्या दिवशी पुण्याहून एक प्रशिक्षक छोटं रडार घेऊन आले होते. त्यांनी चार-पाच चेंडू बघितले, आपल्या बॅगेतून पाच वर्षांपूर्वीचं एक वापरलेलं डोकं काढलं, बारा अंशांचं, त्याला हलका, मऊ आणि इंचभर आखूड दांडा लावला. तोच पोरगा, तोच फटका. चेंडू वर चढला, मधोमध राहिला आणि आधीपेक्षा वीसेक पावलं पुढे पडला. मी मागे वही घेऊन उभा होतो, ऐकीव सांगत नाही.

हे कसं, ते मी नंतर प्रशिक्षकांना खोदून खोदून विचारलं. ड्रायव्हरच्या पुढच्या भागाचा तिरकसपणा म्हणजे लॉफ्ट. हात जितका संथ, तितका चेंडू हवेत ठेवायला लॉफ्ट जास्त लागतो. कमी लॉफ्ट म्हणजे मर्दानी, हा दुकानातला समज. दांडा लांब असला तर वेग वाढतो खरा, पण चेंडू मधोमध लागत नाही आणि मिळालेला वेग वाया जातो. दुकानात टांगलेला ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस इंचांचा किंवा थोडा जास्तच असतो, आणि रोज खेळून पोट भरणारे कित्येक व्यावसायिक त्याहून आखूड वापरतात! दांड्यावर 'रेग्युलर', 'स्टिफ' छापलेलं असतं, त्यालाही सगळ्यांचं मिळून एक माप नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफसारखा निघू शकतो. चपलेचा नंबर बघून चप्पल न घालता घेण्यासारखं आहे हे.

आता नव्या तंत्रज्ञानाकडे. ते खोटं नाही. पूर्वी डोकं लाकडाचं असायचं, पर्सिमनचं. हे झाड आपल्या तेंदूच्या गोतावळ्यातलं बरं का, ज्याच्या पानावर आपल्याकडे अर्धा उन्हाळा घरं चालतात. १९७९ मध्ये टेलरमेडने स्टीलचं डोकं आणलं, १९९१ मध्ये कॅलवेची बिग बर्था आली, मग टायटॅनियम, आता कार्बन. डोकी मोठी झाली, वजन कडेला सरकवलं, त्यामुळे चेंडू मधोमध नाही लागला तरी डोकं कमी फिरतं आणि फटका कमी बिघडतो. हा फायदा खरा.

पण उसळीला कुलूप आहे. डोक्याचं आकारमान २००४ पासून ४६० घन सेंटीमीटरच्या वर नेता येत नाही, आणि पुढचा पत्रा किती उसळी देईल त्यालाही नियमाची हद्द आहे. पत्रा वापराने झिजून जास्त उसळायला लागला तर तो ड्रायव्हर बाद होतो. २०२५ च्या पीजीए चॅम्पियनशिपला रोरी मॅकिलरॉयचा ड्रायव्हर तपासणीत असाच बाद झाला, विजेत्या स्कॉटी शेफलरचाही. म्हणजे दरवर्षी जाहिरातीत जे 'दहा यार्ड जास्त' येतात, ते सगळे खरे धरले तर चेंडू एव्हाना शेजारच्या जिल्ह्यात पडायला हवा.

एक दाते म्हणाले, "भाऊ, जुनी वस्तू देताना फोटो बरा दिसत नाही." त्यांना काय सांगू? दुसरा आक्षेप मात्र मला खरंच लागला. आमच्या वहिनी म्हणाल्या, "गरिबाच्या पोराने कायम दुसऱ्याचं उतरलेलंच वापरायचं का?" मी पोरालाही विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "नवीन भेटला असता तर..." आणि गप्प झाला. सोळाव्या वर्षी मलाही नवी सायकलच हवी होती.

तरी माझं मत बदललेलं नाही. अली शेर दिल्लीत कॅडीच होते, त्यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. चिन्नास्वामी मुनियप्पा, तेही कॅडी, २००९ मध्ये जिंकले. अदिती अशोक लांब मारणाऱ्यांतली नव्हे, तरी टोकियोत एका फटक्याने पदक हुकून चौथी आली, ती हिरवळीवरच्या छोट्या फटक्यांवर. पोराला त्यासाठी सराव हवा, स्पर्धा हव्यात. स्पर्धेची प्रवेश फी, रेल्वेचं तिकीट, राहणं, सरावाचे चेंडू, हे कोण देणार? बातमीत मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं.

माझा प्रस्ताव असा : प्रशिक्षकांकडून मापं घेऊन वापरलेलं डोकं, पण दांडा नवा, त्याच्या मापाचा, आणि पकडही नवी. प्रशिक्षक म्हणतात, पंधरा-सोळा हजारांत बसेल. उरलेले पैसे पोराच्या आईच्या आणि वाचनालयाच्या सचिवांच्या संयुक्त खात्यात, वर्षभराच्या स्पर्धांसाठी. खर्चाची पावती दर महिन्याला इथेच टाकीन.

ज्यांनी फक्त नव्या ड्रायव्हरसाठीच पैसे दिले होते आणि हे पटत नाही, त्यांनी बिनदिक्कत परत मागावे, कोणाचं नाव कुठे घेणार नाही. रविवारी सकाळी दहाला वाचनालयात बसतोय. वहिनीही येणार आहेत, त्यांचं बोलणं आधी ऐकू.