परवानगी एकदाच विचारली जाते

सिंहस्थाची कामं आता संगणकावाचून होत नाहीत. २०२७च्या पर्वण्यांसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरात कॅमेरे, वाहनतळ, नोंदणी यांचे सर्व्हर चालवायचे म्हटले की कंत्राटी माणसं आली, त्यांची तात्पुरती खाती आली आणि मेळा उरकला की ती बंद करणंही आलं. हे शेवटचं काम आपल्या धंद्यात सर्वांत गबाळेपणानं होतं. फाइलची परवानगी काढली की प्रवेश संपला, अशी आपली ठाम समजूत असते.

तो संपत नाही. साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून एखाद्या लॉग फाइलला टेल लावा, छोट्या एफचा पर्याय देऊन. दुसऱ्या टर्मिनलवरून रूटने त्या फाइलची परवानगी ००० करा. पहिल्या टर्मिनलवर ओळी तशाच येत राहतील. आता मोठा एफ देऊन हाच प्रयोग करा. परवानगी बदलताच टेल ती फाइल नावानिशी पुन्हा उघडायला जातो आणि नकार खाऊन थांबतो.

लिनक्समध्ये मालक-गट-इतर ही तपासणी फाइल उघडताना होते. वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीचा एक्स बिट पाहिला जातो, मग इनोडवरचे बिट. तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाचे बिट बघून निकाल लागतो. ते कोरे असतील तर गटाला मुभा असूनही तुम्हाला नकारच. (मुलाखतीत हा प्रश्न विचारून पाहा, दांडगा अनुभव सांगणारेही अडखळतात.) निकाल अनुकूल लागला की प्रक्रियेच्या हाती डिस्क्रिप्टर पडतो आणि पुढच्या रीड-राइटला हे बिट कोणी पाहत नाही. वेब सर्व्हर रूट म्हणून लॉग उघडतो, मग अधिकार सोडूनही त्यात लिहीत राहतो, तो याच जोरावर. म्हणजे रचना मुद्दाम केलेली आहे, चूक नव्हे.

गटांचंही तेच. गटांची यादी लॉगिनच्या वेळी प्रक्रियेला चिकटते. सकाळी गटातून नाव काढलं तरी आदल्या रात्रीपासून चालू असलेलं सत्र जुनीच यादी घेऊन फिरतं, आणि नव्या फाइलीसुद्धा उघडतं. एसई-लिनक्स थोडं सावध आहे. रीड-राइटच्या वाटेवर त्याचा हुक असतो. लेबल किंवा धोरण बदललं की तो पुन्हा चौकशी करतो. पण काही अडलं की एसई-लिनक्स बंद करून टाकायची खोड आपल्याकडे जुनी आहे.

एकदाच विचारण्याच्या पद्धतीत फट राहिली तर काय होतं, ते मार्च २०२२मध्ये उघड झालेल्या डर्टी पाइपने दाखवलं. फाइल फक्त वाचण्यासाठी उघडायची, स्प्लाइसने तिचं पेज पाइपला जोडायचं आणि पाइपमध्ये लिहायचं. पाइप बफरचा एक फ्लॅग कोरा करायचा राहून गेल्यामुळे ते लिखाण थेट फाइलच्या पेज कॅशमध्ये उतरत असे. लिहिण्याची परवानगी कुठे विचारलीच गेली नाही, कारण कर्नलच्या लेखी ते पाइपमधलं लिखाण होतं. ५.८ आवृत्तीपासून हा दोष वापरण्याजोगा होता. सातपूर-अंबडमध्ये एकाच कर्नलवर अनेक ग्राहकांचे कंटेनर चालवणाऱ्यांनी तो विसरू नये.

दोष पॅचने जातो. खातं बंद करण्याची पद्धत मात्र आपणच बदलायला हवी. लॉगिन बंद करा, एसएसएचच्या किल्ल्या काढा, क्रॉन आणि सिस्टमडीचं लिंगर तपासा, मग त्या यूआयडीच्या सगळ्या प्रक्रिया मारा. सामायिक सर्व्हिस खात्याखाली काही चालू ठेवलं असेल तर ते यूआयडीवरून सापडणार नाही. तिथे एलएसओएफने उघड्या फाइलींची यादी घेऊन एकेक प्रक्रिया पाहावी लागेल. सिंहस्थाच्या यंत्रणांवर काम करणाऱ्या वाचकांनी आपापल्या खातेबंदीच्या याद्या आमच्याकडे पाठवाव्यात. पुढच्या अंकात त्या नावांशिवाय छापू.