आठ फुटी खोली, आठ इंची वूफर

मुलगा धायरीचा. बाबांनी त्याला घरातली एक खोली रिकामी करून दिली, दहा फूट बाय आठ फुटांची. पहिल्या नोकरीतली वर्षभराची शिल्लक घालून त्याने आठ इंची वूफरची मॉनिटर स्पीकरची जोडी घेतली. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, "घ्यायचे तर मोठेच घ्या. पाच इंचीत बास ऐकूच येत नाही, वर्षभरात बदलायला याल." त्या जोडीवर त्याने पहिलं काम केलं ते एका अभंगाचं. काळी एकमध्ये गाणारा पुरुषाचा आवाज, तानपुरा, पखवाज, टाळ आणि खाली कीबोर्डवर धरलेला बास. मिक्स झालं, फाइल घेऊन तो गाडीत जाऊन बसला आणि तिथूनच मला फोन केला, "सर, गाडीत सा घुमतोय. फक्त सा. पंचमावर गेलं की सगळं नीट."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. टेबल दहा फुटी भिंतीला टेकवलेलं, त्यावर स्पीकर, समोर खुर्ची. त्याला खुर्चीत बसवलं आणि टेप लावून पाहिली. समोरच्या भिंतीपासून कान चार फुटांवर. मागची भिंतही चार फुटांवर.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. आठ फूट म्हणजे 2.44 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्याची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते तो स्वर इथे येतो 70 हर्ट्झचा. असा स्वर दोन्ही भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. आता काळी एकचा सा घ्या. पुरुषाच्या आवाजाचा मधला सा 138.6 हर्ट्झ, त्याखालच्या सप्तकातला 69.3. बासचा सा हाच. म्हणजे त्या गाण्यातला सगळ्यात महत्त्वाचा स्वर, आणि तो जिथे ऐकू येत नाही नेमक्या त्या जागी मांडलेली खुर्ची! मुलाने कानाशी प्रामाणिक राहून तो सा सहा डेसिबलने चढवला होता.

लॅपटॉपवरून 70 हर्ट्झचा सलग स्वर सोडला. खुर्चीत बसून तो म्हणाला, "अगदी बारीक येतोय." त्याला उठून मागच्या भिंतीला पाठ लावायला सांगितलं. दोन पावलं मागे गेला आणि थबकला. तोच स्वर, तोच आवाज, नॉबला हात नाही, आणि त्याच्या पाठीमागे कपाटाचं दार थरथरत होतं.

यात त्या मुलाचा काहीही दोष नाही. घरगुती रेकॉर्डिंगसाठी स्पीकर निवडताना आपल्याकडे ज्या समजुती हातोहात पुढे सरकवल्या जातात, त्या मुळातच चुकीच्या आहेत. त्या एकेक करून खोडून काढायच्या तर आधी त्यांची बाजू नीट ऐकायला हवी.

सगळ्यात भक्कम पूर्वपक्ष असा : जे ऐकू येत नाही ते मिक्स कसं करणार? मोठा वूफर खालपर्यंत जातो, म्हणून तो जास्त खरं सांगतो. या म्हणण्यात तथ्य आहे. यामाहाच्या एचएस5 या पाच इंचीची मर्यादा कंपनीच्याच आकड्यांनुसार 54 हर्ट्झ आहे, आठ इंची एचएस8 ची 38. बास गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते. म्हणजे त्या तारेचा मूळ स्वर लहान स्पीकर जवळजवळ देतच नाही.

पण हे आकडे स्पीकरचे आहेत, खोलीतल्या खुर्चीचे नाहीत. दहा बाय आठच्या खोलीत लांबीचा पहिला घुमारा 56 हर्ट्झवर, साडेनऊ फुटी छताचा 59 वर, रुंदीचा 70 वर. मोठा वूफर ज्या पट्ट्यात पूर्ण ताकदीने बोलू लागतो, त्याच पट्ट्यात खोली बेफाम घुमते. पाच इंची तिथे आधीच उतरणीला लागलेला असतो, त्यामुळे खोलीला डिवचतो तरी कमी. तो जादू करत नाही, त्यानेही खोली घुमतेच. पण लहान स्पीकर एक गोष्ट सांगायची राहू देतो आणि मोठा स्पीकर त्या खोलीत एक गोष्ट चुकीची सांगतो. उणीव ठाऊक असली की तिची भरपाई करता येते. खोटी साक्ष ओळखायलाच दोन वर्षं जातात. शिवाय आपल्या संगीतात ऐकणाऱ्याच्या कानालाही काही श्रेय द्यायला हवं. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत मूळ स्वर तसा क्षीण असतो. जवारीमुळे वरचे स्वरांश इतके भरघोस उमटतात की त्यांवरून कान खालचा सा स्वतःच उभा करतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 च्या सुमारास आपल्या तंतुवाद्यांच्या आणि चर्मवाद्यांच्या स्वरांशांवर काम केलं, तेव्हापासून हे शास्त्र आपल्या घरचं आहे. क्लबमध्ये वाजणारं संगीत करणाऱ्याला 40 हर्ट्झची नड खरोखर असते, आणि त्याने त्यासाठी चांगले हेडफोन वापरावेत. हेडफोनला खोली नसते.

मग सगळंच हेडफोनवर का करू नये, हा पुढचा प्रश्न लगेच येतो. त्याला जोडूनच दुसरा : आजकाल लोक मोबाइलवर, कानात इयरफोन खुपसून ऐकतात, मग मॉनिटर हवेत कशाला? फ्लॅटमध्ये रात्री अकरानंतर हेडफोनला पर्याय नाही, हे मला मान्य. आवाजातला खटका, श्वास, कापलेल्या जागेचा सांधा शोधायला हेडफोनसारखं साधन नाही. पण हेडफोनमध्ये डाव्या कानाचं उजव्याला कळत नाही. गायक समोर बसलेला नसतो, डोक्याच्या आत बसलेला असतो. तिथे गायकाची पातळी आणि मागची आस किती ठेवायची याचा अंदाज हमखास चुकतो; मी तीस-चाळीस गाण्यांत हे पाहिलं आहे. आणि मोबाइलचं म्हणाल, तर प्रत्येक मोबाइल वेगळा. सोनं शंभर घरांत जातं म्हणून सोनार शंभर तराजू ठेवत नाही, एकच खात्रीचा ठेवतो.

तिसरी समजूत "फ्लॅट" या शब्दाची. खोक्यावर सपाट रेषेचा आलेख छापलेला असतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, ही रेषा विकत मिळाली. ती रेषा प्रतिध्वनी शोषून घेणाऱ्या खास दालनात मोजलेली असते. तोच स्पीकर घरातल्या खोलीत आणला की खालच्या पट्टीत दहा-पंधरा डेसिबलचे चढउतार सहज पडतात. दोन कंपन्यांच्या आलेखांत एका डेसिबलचा फरक शोधत रात्री जागवणाऱ्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तुमची खुर्ची अर्धा फूट सरकवली तर याहून मोठा फरक पडतो. आवाज मोजून दुरुस्ती करणाऱ्या सॉफ्टवेअरचीही मर्यादा हीच. उंचवटा ते कापू शकतं. खड्डा भरू शकत नाही, कारण जिथे दोन लाटा एकमेकींना मारतात तिथे आवाज वाढवला की मारणारी लाटही तितकीच वाढते.

फोमबद्दल फार लिहायचं नाही. एक-दोन इंची फोम किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून टाळीचा खणखणाट कमी होतो, बास तसाच राहतो. 56 हर्ट्झची लाट सहा मीटरांची आहे, तिला दोन इंच कुठे पुरणार? उलट वरचे स्वर तेवढे गिळले जातात आणि खोली कोंदट होते.

थोरामोठ्यांच्या स्टुडिओत पांढऱ्या कोनचे यामाहा एनएस-10 दिसतात, म्हणून तेच जुने मिळवायचे, ही एक हौस आहे. हौसेला माझा विरोध नाही, तिच्यातून काढलेल्या निष्कर्षाला आहे. एनएस-10 हा 1978 साली घरात गाणी ऐकण्यासाठी काढलेला स्पीकर. घरच्या शौकिनांना तो फारसा आवडला नाही. पुढे ध्वनिमुद्रकांनी तो मिक्सिंग कन्सोलवर चढवला, बॉब क्लिअरमाउंटन यांच्यासारख्यांनी तर तिखट वाटणाऱ्या ट्वीटरवर टिश्यू पेपर लावून वापरला, आणि जगभर तो माप ठरला. कोनसाठी लागणारा लगदा मिळेनासा झाल्यावर 2001 मध्ये कंपनीने तो बंद केला. आता पाहा, या स्पीकरला बास बेताचाच होता आणि त्याची रेषा सपाट तर मुळीच नव्हती. त्याचं खोकं मात्र बंद होतं, त्यामुळे स्वर थांबला की स्पीकरही चटकन थांबायचा, आणि वापरणाऱ्यांना त्याच्या खोडी पाठ होत्या. खालचा बास तपासायला त्याच स्टुडिओंत भिंतीत बसवलेले मोठे स्पीकर असत, तेही कमावलेल्या खोल्यांत. एनएस-10 ची कहाणी मोठ्या वूफरच्या बाजूने साक्ष देत नाही, ती माझ्या बाजूने देते.

आता माझा पक्ष. दीडशे चौरस फुटांच्या आतल्या खोलीत पाच इंचीच घ्यावा, आणि ठरवलेल्या पैशांतले निम्मे खोलीसाठी राखून ठेवावेत. कंपनी कुठली हा प्रश्न मी मुद्दामच मागे ठेवतो. नावाजलेल्या चार-पाच कंपन्यांचे पाच इंची आज घरगुती कामाला पुरून उरतात. ट्वीटर कानाच्या उंचीवर, दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, डावीउजवीकडे भिंती सारख्या अंतरावर, हे सगळेच सांगतात आणि बरोबर सांगतात. एका बाबतीत मात्र पुस्तकी सल्ला मी मोडायला सांगेन. "स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे घ्या" हे मोठ्या दालनांना ठीक. लहान खोलीत स्पीकरचं तोंड भिंतीपासून तीन फुटांवर आलं की मागून परतलेली लाट 94 हर्ट्झच्या आसपास सरळ आवाजाला मारते, म्हणजे ऐन डग्ग्याच्या मुलखात. त्यापेक्षा स्पीकर मागे सरकवा, पाठीला भोक असेल तर चार बोटं जागा सोडा. मग तो खड्डा 250 हर्ट्झच्या दिशेने वर सरकतो आणि तिथे चार इंची रॉकवूल त्याला आवरू शकतं. भिंतीमुळे बास फुगतो तेवढा मागच्या बटणाने उतरवावा. एचएस5 ला ते दोन आणि चार डेसिबलचं दिलेलं आहे.

कोपऱ्यांत रॉकवूलच्या जाड चौकटी लावाव्यात. ते होईपर्यंत घरातल्या कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या तरी फरक ऐकू येतो. रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मोजणीचा माइक कुणाकडून दोन दिवस मागून आणावा. आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवावा. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं की मोठ्या आवाजात कानाला बास जास्त वाटतो, म्हणजे मोठ्याने केलेलं मिक्स घरी हळू लावलं की पोकळ लागणार. आणि नवीन जोडीवर पहिले दोन महिने आपलं काही करण्याआधी पाठ असलेली गाणी ऐकावीत, रोज अर्धा तास. ते गाणं या खोलीत कसं लागतं हे कानात बसलं, की आपलं गाणं कुठे चुकलं ते आपोआप कळू लागतं.

धायरीच्या मुलाला मी स्पीकर विकायला सांगितले नाहीत. घेतलेल्या किमतीच्या निम्मेही आले नसते. टेबल आठ फुटी भिंतीकडे फिरवलं. कान समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणले, मागचं बटण पूर्ण खाली घेतलं, पाठीमागच्या एका कोपऱ्यात दोन गाद्या उभ्या केल्या. अभंग पुन्हा लावला. पहिल्या ओळीतच त्याने माउसकडे हात नेला आणि चढवलेले सहा डेसिबल काढून टाकले. मी काही बोललो नव्हतो. मग दोघं खाली गाडीत जाऊन बसलो. सा बाकीच्या स्वरांच्या रांगेत आला होता आणि त्याच्याखाली दबलेली पखवाजाच्या डाव्या अंगाची थाप पहिल्यांदाच सुटी ऐकू येत होती. दुसऱ्या कोपऱ्यातलं कपाट दिवाळीनंतर हलवायचं ठरलं आहे.