आडात आहे, पोहऱ्यात नाही

१९९९ सालच्या जानेवारीत बेल्जियममध्ये पशुखाद्यासाठी वापरावयाच्या चरबीत विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील तेल मिसळले गेले. त्यातून सुमारे ५०० टन खाद्यात अंदाजे ५० किलो पीसीबी आणि अवघे एक ग्रॅम डायॉक्सिन पसरले. फेब्रुवारीत कोंबड्यांत दोष दिसू लागले. डायॉक्सिनचा प्रयोगशाळेतील पुरावा मिळाला तो एप्रिलच्या अखेरीस, आणि जनतेला वार्ता कळली मेच्या अखेरीस. तोवर अंडी व मांस लोकांच्या पानांत पडून गेले होते. कृषिमंत्री व आरोग्यमंत्री यांना राजीनामे द्यावे लागले. जूनच्या निवडणुकीत पंतप्रधान झाँ-ल्यूक देहाने यांची सत्ताही गेली.

मे महिन्यातील मौनाचा दोष सरकारचा होता, यात शंका नाही. तथापि त्याआधीच्या विलंबाचा काही भाग पृथक्करणाच्या स्वरूपातच दडलेला होता. ५०० टनांत एक ग्रॅम म्हणजे अब्ज भागांत दोन भाग. एवढासा अंश मोजण्यापूर्वी तो नमुन्यातून बाहेर काढावा लागतो, आणि खरी कसोटी तेथेच लागते.

या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले साधन म्हणजे सॉक्सलेटचे काचपात्र. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी ते १८७९ साली दुधातील चरबी मोजण्यासाठी मांडले. उकळून थंड झालेला द्रावक नमुन्यावरून पुनःपुन्हा फिरवायचा, ही त्याची रीत. माती किंवा गाळाच्या नमुन्याला त्यासाठी १६ ते २४ तास आणि काहीशे मिलिलिटर द्रावक लागतो. १९९० च्या दशकात प्रचारात आलेल्या दाबाखालील निष्कर्षणाने हे गणित पालटले. पोलादी नळीत नमुना बंद करून सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शंभरपट दाब दिला जातो. एरवी ५६ अंशांना उकळणारा अ‍ॅसिटोन या दाबामुळे द्रवरूपच राहतो. उष्णतेने तो पातळ होऊन कणांच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो व तेथे चिकटलेले दूषित द्रव्य सोडवून आणतो. काम पंधरावीस मिनिटांत आणि थोड्याशा द्रावकात उरकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही ही पद्धत अधिकृत केली आहे.

हे यंत्र महाग आणि काचपात्र स्वस्त, असा आक्षेप घेतला जाईल. पण स्वस्ताईचा हा हिशेब अपुरा आहे. रात्रभर जळणारी वीज, शीतनळीतून वाहून जाणारे पाणी, वाया जाणारा द्रावक आणि खोळंबलेला कर्मचारी ही किंमत खरेदीच्या पावतीवर येत नाही. त्याहून मोठी किंमत प्रयोगशाळेबाहेर मोजली जाते. अहवाल येईपर्यंत निर्दोष शेतकऱ्याचा माल अडून राहतो, किंवा सदोष माल विकला जातो. दोन्ही प्रसंगी भुर्दंड पडतो तो विलंबाशी काहीही संबंध नसलेल्या माणसावर.

अर्थात, नवे यंत्र आणले की सारे साधले असेही नव्हे. निष्कर्षणानंतरचे शुद्धीकरण व मोजमाप यांना वेळ लागतोच. शिवाय द्रव्य नमुन्यातच अडकून राहिले, तर पुढचे कोट्यवधींचे यंत्र प्रामाणिकपणे 'आढळले नाही' असेच सांगेल. आडात आहे, पण पोहऱ्यात आले नाही, अशी ही गत. आणि कागदावरचे 'आढळले नाही' वाचणारा ग्राहक त्याचा अर्थ 'नाही' असाच घेतो. म्हणूनच ज्ञात मात्रा आधी नमुन्यात मिसळून त्यातील किती परत हाती आली, हे तपासणे अपरिहार्य ठरते. ही तपासणी करणारा प्रशिक्षित माणूस नसेल, तर वेगाने मिळेल तो केवळ वेगवान चुकीचा अहवाल.

आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने अन्न विश्लेषकास नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल देण्याचे बंधन घातले आहे. मुदत कायद्याने घालता येते. ती पाळण्याचे सामर्थ्य मात्र अंदाजपत्रकातूनच यावे लागते. उद्‌घाटनाच्या फितीला शोभेल असे मोजयंत्र घेताना नमुना तयार करणाऱ्या मेजाकडे, तेथील माणसांकडे आणि देखभालीच्या खर्चाकडे दुर्लक्ष करणे ही काटकसर नव्हे. बेल्जियमने २००० साली अन्नसुरक्षेसाठी स्वतंत्र संघीय संस्था उभारली, पण ती संकट येऊन गेल्यावर. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आपली आहे. ती स्वतःवरच खरी करून दाखवण्याचे कारण नाही.