ताडपत्री निघाली!

चौघांत मिळून घेतलेली आमची 18 फुटी, सेकंडहँड शिडाची बोट अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली झोपून होती. ऑक्टोबर आला, मुंबईच्या समुद्रात शिडं दिसायला लागली आणि आमचे रविवार गेले!

आधी तळ. जुन्या रंगात तांबं असतं, शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून. त्यामुळे वॉटर पेपर, भरपूर पाणी आणि तोंडाला मास्क. कोरडं घासलंत तर ते विष थेट छातीत. (मॅनिक्युअरला रामराम.)

मग डोलकाठीला ताणून धरणारे स्टीलचे दोर. धक्क्यावरच्या काकांनी शिकवल्याप्रमाणे मी त्यांवरून कापसाचा बोळा फिरवला. दोर लांबून चकाचक दिसतो, पण बाहेरची एखादी तार तुटली असेल तर कापूस तिथे अडकतो.

अडकला.

‘एकच तर तार आहे यार! मांडव्याला जाऊन येऊ, मग बघू,’ इति आमचा बँकवाला पार्टनर. भर वाऱ्यात दोर तुटला तर डोलकाठी कुणाच्या डोक्यात पडेल, हे मी त्याला त्याच्याच जागेवर बसवून दाखवलं.

दोन्ही बाजूंचे दोर बदलतोय. नवं शीड पुढच्या वर्षी. साहेब अजून माझा फोन उचलत नाहीयेत.