क्रमांक पुसला की भाव पुसतो

जुन्या मोटारीचे मोल रंगरोगणावर ठरते, ही समजूत पुष्कळांची असते. परंतु दारव्हा वा पुसदच्या एखाद्या वाड्यात आजोबांच्या वेळची जीप उभी असेल, तर तिची खरी वंशावळ सांगाड्यावर ठोकलेल्या चेसिस क्रमांकातच असते. गंज लागला म्हणून मिस्त्री तो घासून टाकतो; पुढे परिवहन कार्यालयाच्या परवानगीने तो पुन्हा ठोकला जातो. गाडी कायदेशीर ठरते खरी, पण सांगाडा तोच की दुसरा, ही शंका ग्राहकाच्या मनातून जात नाही. तिच्यापायी भाव उतरला तर ग्राहकाला दोष कसा द्यावा?

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना जुना नोंदणी क्रमांक राखू दिला. नव्या नोंदणीसाठी ‘व्हीए’ ही मालिका व २०,००० रुपये शुल्क ठरविले. हे योग्यच झाले. मात्र सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेल्या गाडीला हा दर्जा नाही. म्हणूनच क्रमांक पुन्हा ठोकताना जुना क्रमांक, तारीख व कारण नोंदणीपुस्तकात लिहिण्याचा दंडक परिवहन खात्याने घालावा. आणि वारसांनी ते जीर्ण पुस्तक, कृपा करून, रद्दीत घालू नये.