काडतूस घेण्याआधी नळी पाहा

रमजान ईद जवळ आली की कापडबाजारात रोकड वाढते आणि वाशी-तुर्भ्याकडील व्यापारी बंधू परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची चौकशी करू लागतात. पहिला सवाल ठरलेला : सर्वांत जोरदार गोळी कोणती? आमच्या मते हा सवालच चुकीचा आहे.

सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर येते. काडतूस तेच, पण नळी बदलली की काम बदलते. लांब नळीत दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त वाट मिळते. आखूड नळीतून गोळी मंद सुटते, भडका मात्र मोठा होतो. पोकळ टोकाची महाग गोळी फुलण्यासाठी वेग लागतो. तोच नसेल तर जादा पैसे पाण्यात. कानपूरचे 'निर्भीक' (२०१४) वजनाला सुमारे ५०० ग्रॅम. खिशाला सोयीचे, पण हलक्या हत्याराचा झटका हाताला अधिक बसतो.

तेव्हा आखूड नळीवाल्यांनी जोराच्या मागे न लागता, हाताला सोसेल आणि नेमकी लागेल अशी साधी शिशाची गोळी घ्यावी. कापड ग्राहकाच्या अंगाप्रमाणे बेततात, तसेच हे. परवान्यात काडतुसांची संख्या लिहिलेली असते. तीतली काही अधिकृत रेंजवर झाडून पाहावीत. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या काडतुसावर भरवसा नको.

आणि खरी हिफाजत म्हणाल, तर गल्ला रोजच्या रोज बँकेत भरावा. जी रोकड सोबत नाही, तिच्यासाठी गोळी झाडण्याची वेळ येत नाही.